एबीएस आणि ईएससीचे दिवे: मलकापूरच्या एका गाडीच्या तपासणीच्या नोंदी

७ जुलै २०२५

गाडी काल संध्याकाळी भर पावसात आली. २०१९ सालची, पेट्रोल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची छोटी एसयूव्ही असून मीटरवर ८१ हजार किलोमीटर झाले आहेत. मालकांचे शाहूवाडी तालुक्यात मलकापूरला पंप आणि पाइपांचे दुकान आहे. मालासाठी एका बाजूला कोल्हापूर आणि दुसऱ्या बाजूला आंबा घाट उतरून रत्नागिरी, असा त्यांचा कायमचा फेरा असतो. या गाडीत एबीएससोबत (म्हणजे जोराच्या ब्रेकमध्ये चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेसोबत) ईएससी, म्हणजे गाडी वळणावर घसरू लागल्यास एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणाही आहे. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. ईएससी मात्र त्या काळात बहुधा वरच्या व्हेरिएंटमध्येच मिळत असे, आणि म्हणूनच त्यावर हात बसलेले मेकॅनिक अजूनही कमी आहेत.

तक्रारी तीन आहेत आणि मालकांनी त्या एकत्र सांगितल्या असल्या तरी मी त्या मुद्दाम वेगळ्या लिहून ठेवत आहे. पहिली तक्रार अशी की पाऊस लागला की काही वेळाने एबीएस आणि ईएससी असे दोन्ही पिवळे दिवे लागतात आणि गाडी एक-दोन दिवस कोरडी राहिली की आपोआप विझतात. दुसरी अशी की गाडी अगदी थांबत आलेली असताना, कोरड्या रस्त्यावर आणि हलक्या ब्रेकवरही, पेडल पायाखाली थरथरते आणि गाडी हातभर पुढे सरकून थांबते. तिसरी तक्रार त्यांच्याच शब्दांत नोंदवतो: “घाटात डावं वळण घेताना फुडचं उजवं चाक कुणीतरी धरल्यागत हुतंय, आन् गाडीचा पिकप जातोय.” उजव्या वळणावर असे होते का, हे विचारल्यावर त्यांनी क्षणभर विचार करून नाही म्हणून सांगितले. ही माहिती स्कॅनर कधीच देत नाही, आणि पुढच्या तपासात तिचा उपयोग होईल असे वाटते.

गाडीचा पूर्वेतिहास असा: चार-पाच महिन्यांपूर्वी पुढच्या उजव्या चाकाचे बेअरिंग आवाज करू लागल्याने बदलले, त्याच वेळी व्हील अलाइनमेंट केले. पावसाळा सुरू होताच दिवे लागू लागले, म्हणून एका गॅरेजने पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर बदलला. फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी एबीएसचे मॉड्यूल, म्हणजे त्याचा संगणक, आणि ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारे हायड्रॉलिक युनिट असा संपूर्ण संचच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. तो खर्च ऐकून मालक आमच्याकडे आले.

किल्ली फिरवल्यावर सर्व दिवे लागले आणि त्यांतले एबीएस व ईएससी हे दोन तसेच राहिले. ब्रेकचा लाल दिवा विझला, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब आहे. पिवळा दिवा लागला तरी साधा ब्रेक शाबूत असतो. पण हँडब्रेक सोडलेला आणि ब्रेक ऑइलची पातळी बरोबर असूनही पिवळ्यासोबत लाल दिवा पेटला, तर पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटून देणारी ईबीडीही बंद पडलेली असण्याची शक्यता धरावी लागते. अशा गाडीची मागची चाके जोराच्या ब्रेकमध्ये आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. तशी गाडी आम्ही चालवत बाहेर नेत नाही आणि मालकालाही नेऊ देत नाही.

स्कॅनर लावून सर्व मॉड्यूलचे कोड लिहून घेतले. एकही पुसला नाही. एबीएस मॉड्यूलमध्ये सी ००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचे सर्किट, हा चालू कोड आहे. इंजिनाच्या मॉड्यूलमध्ये यू ०१२१, म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचा कोड, जुना म्हणून पडून आहे. बाकी काही नाही. थरथरणाऱ्या पेडलबद्दल किंवा डाव्या वळणाबद्दल मॉड्यूलला काहीच म्हणायचे नाही, म्हणजे एकच कोड आणि तक्रारी तीन, अशी स्थिती आहे.

८ जुलै २०२५

आजचा दिवस प्राथमिक तपासणीचा होता. चारही टायर २०५/६० आर १६ याच मापाचे आहेत. पुढचे दोन नवे, मागच्यांची नक्षी तीन मिलिमीटरच्या आसपास उरलेली. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर धरली तर व्यासात दहा मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ६५० मिलिमीटरच्या व्यासावर दीड टक्क्याचा फरक पडतो. एवढा फरक एबीएस सहज चालवून घेते. हवा चारही चाकांत सारखी होती.

बॅटरी विश्रांतीत १२.५ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट. यू ०१२१ सोबत साठवलेल्या तपशिलात त्या क्षणाचा व्होल्टेज दहाच्याही खाली आहे. मालकांना विचारता मे महिन्यात बॅटरी उतरल्याने दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन सुरू केल्याचे त्यांनी सांगितले. तरीही खात्रीसाठी बॅटरीची वायर सोडून स्कॅनरच्या सॉकेटमधील ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला. तो ६० ओहम भरला. कॅन, म्हणजे मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्याच्या, दोन तारांच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो आणि ते दोन्ही जागेवर असतील तर मिळून ६० भरायलाच हवेत. त्यामुळे हा कोड इथेच निकालात काढला.

स्कॅनरवरून पंपाची मोटर चालवून पाहिली, तेव्हा युनिटच्या अर्थिंगवर ०.०५ व्होल्ट एवढीच घट दिसली. आठही एबीएस व्हॉल्व्ह आणि ईएससीसाठीचे जादा चार व्हॉल्व्ह स्कॅनरच्या हुकमानुसार वाजले. चाक लिफ्टवर फिरवून कोणी ब्रेक दाबून धरला असता त्या-त्या चाकाचा दाब सुटलेला हाताला कळला. मॉड्यूल आणि हायड्रॉलिक युनिट बदलण्याचा सल्ला कशाच्या आधारे दिला गेला असेल, ते मला यानंतर सांगता येत नाही.

१० जुलै २०२५

पुढच्या डाव्या चाकाचे सर्किट. इथे आधी एक गोष्ट आमच्या शिकाऊ मुलांसाठी लिहून ठेवतो. जुन्या गाड्यांतले स्पीड सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेले वेटोळे असे. त्याचा रोध मल्टिमीटरने मोजला की एक ते दीड हजार ओहमच्या आसपास भरायचा आणि सेन्सर जिवंत की मेलेला याचा अंदाज यायचा. या गाडीतले सेन्सर त्या जातीचे नाहीत. त्यांना मॉड्यूल व्होल्टेज पुरवते आणि सेन्सर समोरच्या चुंबकीय कड्याच्या ध्रुवांनुसार आळीपाळीने ७ आणि १४ मिलिअँपिअर प्रवाह ओढतो. मॉड्यूल तो प्रवाह मोजून चाकाचा वेग ठरवते. अशा सेन्सरचा रोध मोजून काहीही कळत नाही, उलट मीटरच्या प्रवाहाने आतली चिप खराब होण्याचा धोका असतो. तरीही “ओहम दाखवत नाही, सेन्सर गेला” असा निर्णय रोज कुठे ना कुठे दिला जातो आणि चांगले सेन्सर भंगारात जातात.

सेन्सरचा कपलर सोडून मॉड्यूलकडून येणाऱ्या दोन तारांमध्ये व्होल्टेज मोजले: ११.९. वरवर पाहता सर्व ठीक. पण मल्टिमीटर स्वतः जवळजवळ प्रवाहच ओढत नसल्याने तार एका बारीक धाग्यावर लटकत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून त्याच दोन तारांमध्ये १००० ओहमचा रोध जोडला, जेणेकरून सेन्सरएवढाच, साधारण १२ मिलिअँपिअरचा भार पडेल. कोरड्या स्थितीत आकडा ११.६ वर आला. मग स्प्रे बाटलीने मडगार्डच्या आतल्या बाजूला पाणी मारले आणि तारांचा जुडगा हलवला, तसा तो ७.६ व्होल्टवर घसरून खालीवर होऊ लागला. हिशेब केला तर मार्गात कुठेतरी सुमारे पावणेसहाशे ओहमचा नको असलेला रोध शिरला आहे. एवढ्या रोधामागून सेन्सरला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही आणि मॉड्यूल सर्किट तुटल्याचा कोड टाकते.

प्लास्टिकचे लायनर काढल्यावर कारण दिसले. लायनर खालच्या बाजूने सुटलेले होते, तीन क्लिपा जाग्यावर नव्हत्या, आणि चाकाने उडवलेले पाणी थेट बॉडीकडच्या कपलरवर बसत होते. कपलर उघडला तर आत लाल माती, आणि दोनपैकी एका पिनेवर हिरवा थर. हा कपलर सेन्सरच्या वायरचा नसून गाडीच्या हार्नेसचा, म्हणजे मूळ तारांच्या जुडग्याचा, आहे. सेन्सर नवा आला तरी तो त्याच सडलेल्या पिनेत खोचला गेला. तारेचे इन्सुलेशन थोडे मागे सोलले तर आतले तांबेही काळे पडलेले होते, कारण पाणी पिनेपाशी थांबत नाही, तारेच्या धाग्यांमधून आत चढते. चकाकते तांबे लागेपर्यंत तार कापत गेलो. जोड सोल्डरऐवजी क्रिम्प करून, आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी चढवून, दोन्ही तारांना मूळचा पीळ ठेवून पूर्ण केला. चाकाजवळची तार सतत हलते आणि सोल्डर जिथे संपते तिथे ती कडक होऊन तुटते, असा आमचा अनुभव आहे. तोंडाला रबरी सील असलेला नवा कपलर, नव्या क्लिपा. पाणी मारून, तार हलवून, भाराखाली पुन्हा मोजले: ११.८, स्थिर.

एवढे झाल्यावरही दिवा लगेच विझला नाही, म्हणून मुले निराश झाली. चाकाच्या वेगाचा कोड असेल तर गाडी थोडी धावून चारही चाकांचे आकडे जुळल्याची खात्री पटल्याशिवाय अनेक मॉड्यूल दिवा विझवत नाहीत. रस्त्यावर वीसचा वेग ओलांडताच दोन्ही दिवे गेले.

१२ जुलै २०२५

आता थरथरणारे पेडल. दिवे विझलेले असल्याने एबीएस पूर्ण शुद्धीवर आहे, आणि त्यामुळेच आज ही खोड हमखास दिसली: ताशी बारा-पंधरा किलोमीटर वेगाला हलका ब्रेक दिला की पेडलखाली कट्-कट् आणि पंपाचा आवाज. कोड नाही. मॉड्यूलच्या दृष्टीने बिघाड झालेलाच नाही. एक चाक लॉक होत असल्याची बातमी त्याला मिळाली आणि त्याने आपले काम चोख केले. ती बातमी खोटी कोण देते, एवढेच शोधायचे होते.

स्कॅनरवर चारही चाकांचे वेग आलेखात लावले. उजव्या पुढच्या चाकाची रेघ मधूनच खाली जाताना दिसली, पण दर वेळी नाही. इथे स्कॅनरची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तो सेकंदातून मोजक्या वेळाच आकडा विचारतो. दोन प्रश्नांच्या मध्ये काय घडून गेले, ते त्याला दिसत नाही. म्हणून गाडी लिफ्टवर घेतली, उजव्या पुढच्या सेन्सरच्या एका तारेत १०० ओहमचा रोध मालिकेत जोडला आणि त्याच्या दोन टोकांना बॅटरीवर चालणारा हातातला ऑसिलोस्कोप लावला. ७ मिलिअँपिअरला ०.७ व्होल्ट आणि १४ ला १.४ व्होल्ट अशी चौकोनी पायऱ्यांची रेघ त्यावर उमटते. भिंतीच्या विजेवर चालणारा स्कोप इथे लावू नये, त्याचे अर्थिंग सर्किटमध्ये शिरते.

आधी डावे चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पायऱ्या मोजल्या: ४८. म्हणजे बेअरिंगच्या सीलवरच्या चुंबकीय कड्यावर ध्रुवांच्या ४८ जोड्या आहेत. मग उजवे चाक. तिथे ४५ भरल्या, आणि दर फेऱ्याला एकाच ठिकाणी तीन पायऱ्या गायब होऊन एक लांब सपाट रेघ आली.

हा दोष मंद वेगालाच का बाधतो, याचा हिशेब मुलांना फळ्यावर मांडून दाखवला. चाकाचा परीघ ढोबळमानाने दोन मीटर, म्हणजे एका पायरीला सव्वाचार सेंटिमीटर रस्ता. ताशी १२ किलोमीटर वेगाला एक पायरी साडेबारा मिलिसेकंदांनी येते. तीन गळाल्या तर दोन पायऱ्यांमधले अंतर ५० मिलिसेकंद होते आणि चाकाचा वेग एक चतुर्थांशावर आल्याचा भास होतो. ब्रेक दाबलेला असताना खरोखरच लॉक होणारे चाकही साधारण एवढ्याच वेळात मंदावते, त्यामुळे मॉड्यूल त्यावर विश्वास ठेवते आणि त्या चाकाचा दाब सोडते. ताशी ८० वेगाला हीच फट जेमतेम साडेसात मिलिसेकंदांची असते. टायर, डिस्क आणि हब एवढे वजन तेवढ्यात थांबून पुन्हा पूर्ववत फिरू लागणे शक्य नसल्याने असा झटका गाळून टाकला जातो. वेग अगदी कमी झाल्यावर एबीएस स्वतःहून बाजूला होते. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मात्र पेडल थरथरते, आणि मालकांची गाडी हातभर पुढे सरकते ती तिथेच. घाटातल्या गावात गुरे आडवी येतात तेव्हा तो हातभर पुष्कळ झाला.

ड्राइव्ह शाफ्ट बाजूला करून नकलच्या, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते त्या भागाच्या, आतल्या बाजूने बेअरिंगचे सील उघडे केले. कड्यावर चुंबकीय ध्रुव दाखवणारे हिरवे कार्ड धरले, तशा त्यावर बारीक समान रेषा उमटल्या आणि एका जागी त्यांच्यावर काळा, केसाळ पुंजका दिसला. चिमट्याने टोचून पाहिला: लोखंडाचा चुरा, लेथवरून निघणारा, बारीक वळ्यांचा. नवे बेअरिंग नकलमध्ये प्रेसवर दाबून बसवावे लागते, आणि आमच्या उद्यमनगरात ते काम बऱ्याचदा शेजारच्या लेथवाल्याकडून करून घेतले जाते. बेअरिंग त्या टेबलावर क्षणभर चुंबकाच्या बाजूने पालथे ठेवले तरी पुरे. उलटे बसवले असते तर चाकाचा वेग मुळीच दिसला नसता आणि पहिल्याच दिवशी कोड पडला असता. चुऱ्याने मात्र महिनोन्‌महिने कोणालाही पत्ता लागू दिला नाही.

चुरा चिकटपट्टीने थोडा थोडा उचलला. चुंबक लावून ओढणे म्हणजे कड्याचे ध्रुवच बिघडवणे, आणि स्क्रूड्रायव्हरने खरवडणे म्हणजे त्याच्या रबरावर ओरखडा पाडणे. दोन्ही कटाक्षाने टाळले. सेन्सरच्या टोकालाही चार-दोन कण होते. सफाईनंतर कार्डावर सर्व रेषा सारख्या उमटल्या, स्कोपवर ४८ भरल्या. बेअरिंगला खेळ नाही, आवाज नाही, त्यामुळे ते तूर्त तसेच ठेवले. सीलच्या ओठाखाली चुरा गेला नसेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि मालकांना तसेच सांगितले आहे. ड्राइव्ह शाफ्टचा नट नवा घेतला.

१५ जुलै २०२५

डाव्या वळणाचा प्रश्न या साऱ्यांत मला सर्वांत जास्त आवडलेला आहे. ईएससी काय करते, ते थोडक्यात असे: स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचा वेग यांवरून चालकाला गाडी किती वळवायची आहे हे ती काढते, गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती वेगाने फिरते आहे हे आतल्या यॉ सेन्सरवरून वाचते, आणि दोहोंत मर्यादेपलीकडे तफावत आली की इंजिनाची ताकद कमी करून एखाद्या चाकाला ब्रेक लावते. एबीएस १९७८ पासून मोटारींत आले, ही वळणाची तुलना त्याला १९९५ साली जोडली गेली. गाडी चालकाने मागितल्याहून जास्त वळत असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक धरले जाते. डाव्या वळणावर ते चाक म्हणजे पुढचे उजवे. मालकांच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळते. म्हणजे डाव्या वळणावर ईएससीचा समज असा होतो आहे की चालकाने थोडेच वळण मागितले आणि गाडी मात्र जास्त फिरते आहे.

दोष यॉ सेन्सरचा की स्टिअरिंगच्या कोनाचा, हे ठरवण्यासाठी रिकाम्या मैदानात गाडी सावकाश एका पूर्ण वर्तुळात फिरवली. एक फेरा १५ सेकंदांत पुरा झाला, म्हणजे सरासरी सेकंदाला २४ अंश; यॉ सेन्सरही २३ ते २५ दाखवत होता. वेग ताशी १० किलोमीटर, तेव्हा वेग गुणिले फिरण्याची गती या हिशेबाने आडवे त्वरण १.१६ मीटर प्रति वर्ग सेकंद यायला हवे, ते १.१ ते १.२ असे दिसले. डावीकडून आणि उजवीकडून आकडे सारखेच. यॉ सेन्सर निर्दोष आहे आणि हे ठरवायला एक घड्याळ पुरले.

स्टिअरिंगचे तसे नव्हते. सरळ, सपाट रस्त्यावर गाडी नाकासमोर जात असताना आणि स्टिअरिंग दिसायलाही सरळ असताना स्कॅनरवर कोन मात्र उजवीकडे ९ अंश. अशा वेळी स्कॅनरवरून झिरो करून मोकळे होण्याचा मोह होतो. त्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून आकडे पाहिले: डावीकडे ५४१, उजवीकडे ५३९. म्हणजे सेन्सरचे शून्य स्टिअरिंगच्या रॅकच्या, म्हणजे चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या, मध्यावर बरोबर बसलेले आहे. सेन्सर खरे बोलतो. सरळ जाताना रॅकच मध्यावर नाही. रॅकला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडच्या उघड्या आट्यांत दोन बाजूंना सुमारे दोन मिलिमीटरचा फरक निघाला. आता प्रश्न उरला तो असा की रॅक ९ अंशांनी हटलेला असताना स्टिअरिंग सरळ कसे दिसते. बॅटरी सोडून, ठरलेला वेळ थांबून, एअरबॅग उतरवून पाहिले, तर शाफ्टवरची आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागावरची खूण एका दात्याने चुकलेली होती. अलाइनमेंटच्या वेळी टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल, बरोबर आला, पण दोन्ही टाय रॉड सारखे न फिरवल्याने स्टिअरिंग वाकडे राहिले, आणि ते सरळ दिसावे म्हणून काढून एक दाता पुढे बसवले गेले, असाच याचा अर्थ लागतो.

नऊ अंश स्टिअरिंगचे, म्हणजे १६ च्या गुणोत्तराने चाकांचे अर्ध्या अंशाच्या किंचित वर. ताशी ६० वेगाला एवढ्याने अपेक्षित फिरण्यात सेकंदाला दोन-अडीच अंशांची चूक येते. तेवढी एकटी चूक सरळ रस्त्यावर ईएससीला जागी करणार नाही. घाटातल्या ओल्या, आवळत जाणाऱ्या वळणावर मात्र थोडी तफावत खरोखरच असते आणि त्यात ही खोटी भर पडून मर्यादा ओलांडली जाते. उजव्या वळणावर हीच चूक उलट दिशेने काम करते. तिथे गाडी कमी वळते आहे असे वाटून आतले मागचे चाक धरले जायला हवे, पण ते चालकाला फारसे जाणवत नाही. लहानसहान फरक बहुतेक मॉड्यूल धावता धावता शिकून सामावून घेतात. इथे पावसाळाभर डाव्या सेन्सरच्या कोडमुळे यंत्रणा वारंवार बंद पडत होती, त्यामुळे हे शिकणे पूर्ण झाले नसावे, असा माझा अंदाज आहे.

१६ जुलै २०२५

स्टिअरिंग खुणेला खूण जुळवून बसवले. त्याखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगची गुंडाळलेली तार, मध्यावर असल्याची खात्री केली. अलाइनमेंट मशीनवर रॅक मध्यावर लॉक करून एक टाय रॉड जेवढा आत घेतला तेवढाच दुसरा बाहेर काढला, म्हणजे टो जागचा हलला नाही.

त्यानंतर स्कॅनरवरून स्टिअरिंगचे शून्य आणि आडव्या त्वरणाचे शून्य नोंदवायचे होते. आमच्या आवाराची फरशी पाणी वाहून जावे म्हणून उताराची आहे. पाणसळ ठेवून मोजले तर चार फुटांमागे सव्वा इंच. एवढ्या आडव्या उतारावर उभी गाडी काहीही न करता पाव मीटर प्रति वर्ग सेकंदाचे त्वरण दाखवते, आणि तिथे शून्य नोंदवले तर ती चूक कायमची मॉड्यूलमध्ये कोरली जाईल. गाडी अलाइनमेंटच्या सपाट रॅम्पवरच ठेवून, दरवाजे लावून, कोणीही आत-बाहेर न करता ही क्रिया पूर्ण केली. सरळ रस्त्यावर कोन आता ० ते १ अंश दिसतो.

हायड्रॉलिक युनिट उघडलेच नसल्याने ब्रेकची हवा काढण्याची गरज नव्हती. ब्रेक ऑइल मात्र तपासणीत ओलावा दाखवत होते आणि ते कधी बदलले याची नोंद नव्हती, म्हणून डॉट ४ नवे भरले.

१८ जुलै २०२५

वाघबीळहून पन्हाळ्याच्या चढणीवर, रिमझिम पावसात, मालकांना शेजारी बसवून गाडी नेली आणि उतरवली. डाव्या वळणावर कोणतेही चाक धरले गेले नाही. स्कॅनरवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष फिरण्याच्या रेघा एकमेकींना चिकटून चालल्या. खाली उतरल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० वरून पूर्ण ब्रेक दाबला, तेव्हा एबीएस जागे झाले, चारही चाकांनी रेघा सोबत खाली आणल्या आणि गाडी सरळ थांबली. हलक्या ब्रेकवर पेडल शांत राहिले. नंतर मालकांनी स्वतः चालवली. त्यांना डावे-उजवे वळण सारखे वाटले. गाडी दिली.

बिलात एक कपलर, क्लिपा, एक नट, ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंट एवढाच माल आणि बाकी मजुरी आहे. मजुरीचा आकडा मालाच्या कैकपट असल्याने मालक थोडे थबकले. ऑसिलोस्कोपवरची दोन छायाचित्रे, ४५ पायऱ्यांचे आणि ४८ पायऱ्यांचे, त्यांना दाखवली. सडलेला कपलर त्यांनी स्वतःहून मागून घेतला.

३ ऑगस्ट २०२५

मालकांचा फोन आला. मधल्या काळात आंब्याहून रत्नागिरीला जाणे-येणे झाले, पाऊस भरपूर लागला, दिवे लागले नाहीत. पेडलबद्दल विचारले, तेही ठीक आहे. उजव्या पुढच्या बेअरिंगचा आवाज आणि ४८ पायऱ्या दिवाळीच्या आसपास पुन्हा पाहायच्या, असे ठरले आहे. सीलखाली चुरा गेला असेल तर तोवर तो आवाजातून कळेल, आणि मग नवे बेअरिंग कुठल्या टेबलावर ठेवायचे तेही आम्हीच बघू.